शिकवणीपासून वसतिगृहापर्यंत



धरमतर खाडीच्या मुखाशी वसलेल्या रेवसला पैलतीराची ओढ नवी नाही. समोर करंजा, त्यापुढे मुंबई. आपली मुले शिकून मोठी व्हावीत, ही येथील प्रत्येक माता-पित्याची आकांक्षा. परंतु शिकवणीचे शुल्क प्रत्येक घरास पेलतेच असे नाही. अशा वेळी समाजाचे कर्तव्य काय, याचे उत्तर कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या चरित्रात सापडते.

१८८७ मध्ये कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी तरुणपणी साताऱ्यात खासगी शिकवण्या घेतल्या. पुढे मात्र शुल्क देऊ न शकणारी मुले हेच त्यांचे जीवितकार्य झाले. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभे राहिले. तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत. मुलांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, मंगळसूत्रासह, दिले. ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने त्या मुलांना मदतीबरोबर स्वाभिमानही लाभला.

केवळ वह्यांचे वाटप किंवा गुणवंतांचा सत्कार पुरेसा नव्हे. सत्कार यशानंतर होतो. आधाराची गरज त्यापूर्वी असते. गणितात अडलेल्या मुलाला सायंकाळी शांत जागा हवी आणि न रागावता शंका सोडविणारे वडीलधारे माणूस हवे. आहार, औषध व अभय यांच्या जोडीला आपल्या परंपरेने ज्ञानदानही सांगितले आहे. निधी अल्प असला तरी आठवड्यातील दोन तास प्रत्येक सुशिक्षित व्यक्ती देऊ शकते. त्या दानाचा आरंभ आपल्याच गावातून व्हावा.