आधी प्रश्न वाच



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. अमेरिकेत माझ्याकडे असताना आईला स्मृतिभ्रंश झाला, तेव्हा एका सोशल वर्करने आम्हाला सावरलं. म्हणून चाळिशीत, नोकरी सांभाळून, मी एमएसडब्ल्यू केलं.

पुढे डॉक्टरेटच्या दोन वाटा. पीएचडी म्हणजे संशोधन, अध्यापन. बहुधा पूर्णवेळ, पण अनेकदा विद्यावेतन मिळतं. डीएसडब्ल्यू प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठी. नोकरी करत जमते, पण फी बहुधा स्वतःची.

मन पीएचडीच्या मानाकडे ओढत होतं. मग गणिताच्या बाई आठवल्या: "उत्तराची घाई नको, आधी प्रश्न वाच." माझा प्रश्न होता, आमच्यासारख्या घरांपर्यंत मदत कशी पोहोचवायची?

डीएसडब्ल्यूचा अर्ज भरलाय. धाकधूक आहे. चुकत असेन तर बाई, आजही कान धरा.