टाकून देणें आणि देऊन टाकणें



महोत्सव जवळ आला म्हणजे घरोघरीं साफसफाई होते, भिंतींस रंग लागतो आणि माळ्यावरचें सामान खालीं उतरतें. त्या सामानाविषयीं आम्ही आज दोन शब्द बोलूं इच्छितों.

'टाकून देणें' आणि 'देऊन टाकणें' असे दोन प्रयोग आपल्या भाषेंत आहेत. पहिल्यानें वस्तु कचऱ्यांत जाते. दुसऱ्यानें ती दुसऱ्याच्या घरीं जाते. परंतु 'टाकणें' दोहोंतही आहे. आणि तें मनांतून जाईपर्यंत त्या देण्यास दान म्हणतां येत नाहीं.

आपल्या आज्या कांहींच टाकीत नसत. जुनें लुगडें मऊ झालें कीं त्याची गोधडी होई व तिच्यांत नवें बालक निजे. आज घरांत विपुलता आली आणि टाकणें सोपें झालें. परंतु टाकलेलें नाहींसें होत नाहीं. जानेवारी २०१६ मध्यें मुंबईच्या देवनार येथील कचऱ्यास आग लागली, तेव्हां धूर शहरभर पसरला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

मग 'देऊन टाकूं' म्हणावें, तर तेंही पुरेसें नाहीं. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूंत मदत म्हणून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. ज्यांचें सर्वस्व वाहून गेलें होतें, त्यांनाही ते नकोसे वाटले. पुढें 'गूंज' संस्थेनें ते निवडून उपयोगांत आणण्याचें काम हातीं घेतलें. गरिबाचें घर गेलें तरी त्याचा मान जात नाहीं, हाच त्यांतील बोध होय.

संत मार्टिन यानें चौथ्या शतकांत आमिएन् नगराच्या वेशीपाशीं आपला झगा तलवारीनें दुभागून अर्धा भिकाऱ्यास दिला, अशी परंपरा आहे. तो झगा त्याच्या अंगावरचा होता, अडगळींतला नव्हे.

म्हणून कपडा द्यावयाचा तर तो धुऊन, बटण लावून, घडी घालून द्यावा. कुकर शिटीसह द्यावा; पंखा चालवून पाहावा; पाठ्यपुस्तक चालू अभ्यासक्रमाचें आहे कीं नाहीं, तें तपासावें. फाटलें असेल त्याचें पुसणें करावें, मोडलें असेल तें भंगारवाल्यास द्यावें. मुख्य म्हणजे, 'हें आपल्या उपयोगाचें आहे काय?' असें आधीं विचारावें आणि 'नको' म्हटल्यास राग मानूं नये. १८३३ सालीं पॅरिस येथें फ्रेडरिक ओझानाम व त्याचे मित्र यांनीं स्थापिलेल्या संत व्हिन्सेंट डी पॉल संघाचे सभासद गरजूंच्या घरीं जाऊन भेटतात, तें याचकरितां उपयुक्त आहे. घर पाहिल्यावांचून तेथील उणीव कळत नाहीं.

या महोत्सवीं प्रत्येक कुटुंबानें माळा अवश्य रिकामा करावा. परंतु त्यांत एक वस्तु अशीही घालावी, जी देतांना हात क्षणभर अडखळेल. ती आपली खरी महोत्सवी भेट ठरेल. प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.