फेडलेल्या कर्जाचा पत्ता

मी कविता लिहिणारा माणूस. हिशेबाशी माझं फारसं सख्य नाही. पण एक हिशेब मी चोख ठेवला. 2006 साली खडकवासल्याला दोन खोल्या बांधल्या, त्यासाठी एका गृहवित्त कंपनीकडून पाच लाखांचं कर्ज काढलं. पंधरा वर्षं, 180 हप्ते. एकही चुकवला नाही. 2021 मध्ये कर्ज फिटल्याचा दाखला हातात आला, त्या दिवशी घरात शिरखुर्मा झाला. ईद नव्हती तरी!

2024 च्या जूनमध्ये लेकीच्या शिक्षणासाठी बँकेत गेलो. सहकर्जदार मी. साहेबांनी संगणकात पाहिलं आणि म्हणाले, "काका, तुम्ही कधी कर्जच घेतलेलं दिसत नाही." गुणांच्या जागी वजा एक! गुणांची पट्टी तीनशे ते नऊशे, आणि मी शून्याच्याही खाली. वजा एक म्हणजे वाईट नव्हे, नुसती नोंद नाही, असं त्यांनी समजावलं. बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "अब्बा, तुम्ही तर दर महिन्याच्या पाच तारखेला..." पुढं बोलली नाही.

माझे अब्बा 1961 साली पुण्यात नदीकाठी भाड्यानं राहत. पानशेत फुटलं, मग आमचं खडकवासल्याचं धरणही, आणि घरातला कागद न् कागद वाहून गेला. तरी महिन्याभरात वाण्यानं उधारीवर धान्य दिलं. पत माणसाच्या तोंडावर लिहिलेली असे. माझ्याकडे सगळे कागद शाबूत होते, पण विचारणाऱ्याला ते नको होते.

आपण सरसकट 'सिबिल' म्हणतो, पण पतमाहिती ठेवणाऱ्या अशा कंपन्या देशात चार आहेत. सिबिल 2000 सालची, त्यासंबंधीचा कायदा 2005 चा. आधी कर्ज देणाऱ्यानं एका कंपनीचं सभासद असणं पुरे होतं. जानेवारी 2015 मध्ये रिझर्व्ह बँकेनं चारही ठिकाणी सभासद व्हायला सांगितलं. माझ्या कंपनीनं माझं खातं कुठंच कळवलं नव्हतं. 'जुन्या संगणकातून नव्यात आणताना राहिलं असेल,' असं उत्तर मिळालं.

इकडे फी भरायची तारीख आली. बायकोनं बांगड्या काढून दिल्या, त्या मी माझ्या नावावर तारण ठेवल्या. गंमत बघा, ते सोनेतारण कर्ज पुढच्याच महिन्यात अहवालात उमटलं! पंधरा वर्षांच्या घराचा पत्ता नाही, बांगड्या मात्र हजर.

मग रीतसर तक्रार केली. एप्रिल 2024 पासून नियम असा आहे, की तक्रार 30 दिवसांत सुटली नाही तर पुढच्या दर दिवसाला 100 रुपये भरपाई. त्यातले 21 दिवस कर्ज देणाऱ्याला. माझ्या कामाला 41 दिवस लागले. 1100 रुपये खात्यात आले आणि घराचं कर्ज एकदाचं कागदावर आलं. तसं झालं नसतं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. गरज पडायच्या आधीच तो मागवा. ऐन वेळी 30 दिवस कुणाकडे असतात?

पण आमच्या भागात वेगळीच अडचण असलेले पुष्कळ. इथं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, प्रबोधिनी आहे. तिथल्या कितीतरी लोकांनी घरबांधणी अग्रिम घेऊन किंवा कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेतून घरं बांधली. हप्ता पगारातूनच कापला जाई, चुकण्याचा प्रश्नच नाही. पण सरकार हे काही बँक नव्हे आणि पतसंस्था ही सहकारी बँक नव्हे, त्यामुळे ही कर्जं सहसा सिबिलपर्यंत पोचतच नाहीत. नाव पतसंस्था, आणि पतीची नोंद नाही! एकानं मला सांगितलं, "नोंद नाही तेच बरं, दुसरं कर्ज मिळतं." त्याला मिळालंही. आता त्याला दोन्ही हप्ते झेपत नाहीत.

शेजारचे एक निवृत्त गृहस्थ नातवासाठी बँकेत निघाले होते. त्यांना मी पगाराच्या जुन्या पावत्या, पासबुक आणि अग्रिम फिटल्याचं पत्र बरोबर न्यायला सांगितलं. मॅनेजरनं ते उघडून बघायचं की नाही, हे त्याच्या मर्जीवर. पिशवी काखेत मारून ते सकाळच्या बसनं गेले आहेत.