वसईची भग्न चर्चे आणि आपली मुले
(हरसूल येथे बौद्ध कुटुंबांसमोर केलेले भाषण)



येत्या सुटीत मुलांची सहल वसईच्या किल्ल्यात न्यावी, असा विचार आपल्यापैकी काहींनी मांडला. त्यावर एका मातेने विचारले की, आपण बौद्ध. फिरंग्यांची पडकी चर्चे लेकरांना दाखवून काय साधावयाचे? या प्रश्नाला उत्तर दिलेच पाहिजे.

घाट उतरून गेल्यावर वसईच्या आधी सोपारा लागते. प्रथम तेथे थांबावे. तेथील उंचवट्याला लोक बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला, तेव्हा आत स्तूप निघाला. याच सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखाचा विषयच प्रवास हा आहे. पूर्वीचे राजे मृगयेसाठी हिंडत. आपण संबोधीस जाऊन आल्यापासून धम्मयात्रा करतो, खेड्यांतील लोकांना भेटतो, असे अशोक सांगतो. मुलांच्या सहलीला याहून जुना दाखला कोठून आणावा?

मग वसई. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने ती पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ साली चिमाजी आप्पाने जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत जेझुइट, फ्रान्सिस्कन व डोमिनिकन पंथीयांनी किल्ल्यात चर्चे उभारली. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचे राज्यही स्पेनच्याच राजाकडे होते. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमधील जमिनीवरचे दगड मुलांना अवश्य दाखवावेत. ती बड्या फिरंग्यांची थडगी आहेत. हुद्दा आणि घराणे मेल्यावरही कोरून ठेवलेले आहे. याच पंथीयांनी सोळाव्या शतकात कान्हेरीचे बौद्ध चैत्यगृह चर्च म्हणून वापरात घेतले होते.

हे सांगताना मुलांच्या मनात ख्रिस्ती माणसांविषयी तिरस्कार पेरू नये. वसईचा ख्रिस्ती समाज आजही तेथे नांदतो आणि आपल्यासारखाच मराठी बोलतो. दोष सत्तेने लादलेल्या धर्माचा आहे. १५५९ साली राजाच्या हुकुमाने गोव्यात पोरकी झालेली हिंदू मुले जेझुइटांच्या विद्यालयाकडे सोपवून त्यांना ख्रिस्ती करावयाचे ठरले. पुढच्याच वर्षी तेथे इन्क्विझिशन आले. ते १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडता, चालले. आणि एवढे करूनही जात गेली नाही! बामण, चारडो, सुदिर हे भेद गोव्याच्या चर्चमध्ये शिरून बसले. आपणही हसू नये. दीक्षा घेऊन इतकी वर्षे झाली, तरी सोयरीक जमवताना आपल्यातील किती घरांत हळूच पोटजात विचारली जाते, हे येथे बसलेल्यांना ठाऊक आहे.

आता खरी अडचण. एखादे चलाख पोर त्या भिंतीशी उभे राहून विचारील, "त्या मुलांना कोणी विचारले नाही, मग मला तरी कोणी विचारले?" त्याला दटावू नका. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतली. एकवीस वर्षे त्यांनी धर्म पारखला, लोकांना विचार करावयास वेळ दिला. आपल्या मुलाने बावीस प्रतिज्ञा केवळ पाठ म्हटल्या असतील, तर त्याच्यापुरती दीक्षा अजून व्हावयाची आहे. ती तो मोठेपणी, समजून, घेईल. किंवा घेणार नाही. संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने दिलेले सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आपण आपल्या लेकरापासून हिरावून घ्यावयाचे काय? मला हे बोलताना भीती वाटते, हे कबूल करतो. पण भीतीने धरून ठेवलेले पोर बौद्ध राहील, असे मला वाटत नाही.

तेव्हा सहल न्यावी. सकाळी सोपारा, दुपारनंतर वसई. भाकरी घरूनच बांधून घ्यावी, आणि जेथे पाटी असेल तेथे ती मोठ्याने वाचण्याचे काम मुलींकडे द्यावे.