महारोगातील दाह आणि त्यावरील औषधे



वर्धा जिल्ह्यात महारोगाविषयी बोलावयाचे तर आरंभ दत्तपूरपासूनच करावा लागतो. विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये तेथे कुष्ठधामाचे काम सुरू केले. पुढे सेवाग्रामला परचुरेशास्त्री आले. गांधीजी त्यांना स्वहस्ते मालिश करीत. ते चित्र आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. पण सेवा होती, औषध नव्हते. चालमोगऱ्याचे तेल टोचीत, एवढेच. १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झाले आणि डॉ. वारदेकरांच्या मार्गदर्शनाखाली डॅप्सोनची गोळी खेडोपाडी गेली. १९८२ पासून तीन औषधांची संयुक्त योजना आली. जंतू मरू लागले.

मग आमचा आजचा विषय तो कोणता? जंतू मरत असतानाच उठणारा दाह! शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंवर, त्यांच्या मेलेल्या अवशेषांवरही, तुटून पडते. जुने चट्टे लाल होऊन सुजतात, किंवा ताप येऊन अंगभर दुखऱ्या गाठी उठतात. खेड्यातला माणूस म्हणतो, 'गोळी सुरू केली अन् रोग उसळला.' त्याचा तर्क चुकीचा असला तरी अडाणीपणाचा नाही. त्याने डोळ्यांनी पाहिले तेच तो बोलतो. तो गोळ्या टाकून देतो, आणि येथेच घात होतो.

कारण कातडीचा दाह दिसतो, मज्जातंतूचा दिसत नाही. कोपराच्या आतल्या बाजूला जो मज्जातंतू हाताला लागतो, तो अरुंद खोबणीतून जातो. तेथे सूज आली की फुगावयास जागा नसते. तो दबतो, आणि करंगळी व तिच्या शेजारचे बोट वाकू लागते. सहा महिन्यांच्या आत इलाज झाला तर बळ परत येण्याची आशा असते. पुढे ती फार थोडी.

इलाज म्हणजे प्रेडनिसोलोन. रोज सुमारे ४० मिलिग्रॅमपासून आरंभ करून कित्येक आठवडे हळूहळू उतरवीत न्यावयाचे. मूळ गोळ्या मात्र बंद करावयाच्या नाहीत. हे औषध दुधारी आहे. रक्तातील साखर चढते, हाडे ठिसूळ होतात, दबलेला क्षय डोके वर काढतो. बरे वाटले म्हणून ते एकदम सोडणेही धोक्याचे. गाठींच्या दाहावर क्लोफाझिमीनही चालते. कातडी काळवंडते म्हणून रोगी त्याला नाखूष असतात. थॅलिडोमाइडची कथा तर विलक्षण! गर्भातील बालकांचे हातपाय खुंटविल्यामुळे १९६१ नंतर बाजारातून उठलेले हे औषध जेरुसलेमच्या डॉ. शेस्किन यांनी झोपेसाठी एका महारोग्यास दिले, आणि दाहच शमला. गर्भवतीला ते कदापि देऊ नये.

आणखी एक. गोळ्यांचा क्रम पुरा होऊन नाव नोंदवहीतून कमी झाल्यावरही हा दाह उठू शकतो. असा मनुष्य कोपर दुखते म्हणून दवाखान्याच्या दारी आला, तर 'तू बरा झालास, जा' असे सांगून त्याला परत धाडू नये. त्याच्या बोटांतील बळ त्याच दिवशी तपासावे.