बाळंतिणीचें मन

आपल्या नांदेड-लातूरकडे पहिलटकरीण माहेरीं येते, आणि पुढें सव्वा महिना तिची बडदास्त ठेवली जाते. शेक-शेगडी, तेल-पाणी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सारें यथासांग होतें. हें झालें शरीरासाठीं. मनाचें काय?

२०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत बार्सिलोना येथील संशोधकांनीं प्रथमच आई होणाऱ्या २५ स्त्रियांच्या मेंदूंचीं चित्रें गर्भधारणेपूर्वीं व प्रसूतीनंतर घेऊन ताडून पाहिलीं. मेंदूचा करडा भाग कांहीं ठिकाणीं घटला होता, व दोन वर्षांनंतरहि ती घट बहुतांशीं कायम होती! पण दचकूं नये. स्मरणशक्तींत उणेपणा आढळला नाहीं. उलट, दुसऱ्याच्या मनांतलें ओळखण्याचीं जीं केंद्रें, तेथेंच हा बदल होता. आणि जिच्यांत तो अधिक, तिची बाळाविषयींची ओढहि अधिक. दाट पीक विरळलें म्हणजे उरलेलें जोमानें वाढतें, तसेंच हें असावें, असा तर्क आहे.

मात्र हा काळ नाजूकहि असतो. वार पडतांच गर्भावस्थेंतील अंतःस्रावांचें प्रमाण थोड्याच दिवसांत एकदम उतरतें, त्यांत जागरणें. पहिल्या आठवड्यांतलें रडूं बहुधा आपोआप ओसरतें. दोन आठवडे उलटूनहि उदासी हटत नसेल, बाळ निजलें असतांहि आईला झोप नसेल, बाळाकडे पाहावेंसें वाटत नसेल, तर तो नखरा नव्हे. तो आजार आहे, आणि त्याला उपचार आहे.

गोव्यांतील एका जिल्हा रुग्णालयांत २७० गरोदर स्त्रियांची पाहणी झाली. ती २००२ सालीं प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनीं शेंकडा २३ मातांना नैराश्य आढळलें. गरिबी व नवऱ्याशीं बेबनाव हीं त्याचीं मोठीं कारणें; आणि मुलगी जन्मली कीं असल्या दुःखांचा भार आणखी वाढे. म्हणजे मुलगी झाली म्हणून घरानें टाकलेला एक सुस्कारा बाळंतिणीच्या मनावर घाव घालूं शकतो.

अशा वेळीं अंगारे-धुपाऱ्यांत दिवस दवडूं नयेत. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय आहे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवाहि आहे. जिवाचें बरेंवाईट करण्याची भाषा तिच्या तोंडीं आली, तर तिला क्षणभरहि एकटी न सोडतां तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें.

भेटीस येणारा प्रत्येकजण "बाळ कसें आहे?" असें पुसतो. "आणि पोरी, तुला झोप लागते का?" एवढेंहि पुसावें, आणि तिचें उत्तर शांतपणें ऐकून घ्यावें.