अंगठ्याचं ऑपरेशन आणि नंतरचं चालणं



गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल हल्ली सगळ्यांनाच सगळं ठाऊक असतं. कुणाचा सांधा बदलला, कितव्या दिवशी जिना चढला, लग्नाच्या पंगतीत हीच चर्चा. पायाच्या पंज्याचं ऑपरेशन म्हटलं की मात्र लोक विचारतात, "एवढ्याशा अंगठ्यासाठी?" म्हणून आज त्या एवढ्याशा अंगठ्याबद्दल, आणि त्यानंतर पुन्हा चालायला-व्यायामाला कसं लागायचं याबद्दल बोलतो. मी डॉक्टर नाही. तीसेक वर्षं इन्फन्ट्रीत काढली, निवृत्तीनंतर म्हैसूरला स्थायिक झालो, आणि चौसष्टाव्या वर्षी उजव्या पायाचं ऑपरेशन करून घेतलं. माझं बोलणं तेवढ्या अधिकारानं ऐका.

आधी आजार समजून घ्या. चालताना टाच उचलली की शरीराचा शेवटचा रेटा अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या सांध्यावर येतो. तो सांधा वरच्या दिशेनं वाकतो, म्हणून पाऊल पुढे पडतं. सांध्यातली कूर्चा झिजली, हाड वाढलं, की तो वाकेनासा होतो. याला हॅलक्स रिजिडस म्हणतात. मग माणूस नकळत पायाच्या बाहेरच्या कडेवर चालायला लागतो. आधी घोटा कुरकुरतो, मग गुडघा, मग कंबर. माझं तेच चाललं होतं. कडक तळव्याचे बूट झाले, गोळ्या झाल्या, इंजेक्शन झालं. शेवटी डॉक्टरांनी सांध्यातली उरलीसुरली कूर्चा काढली आणि दोन हाडं पट्टी व स्क्रूंनी एकमेकांना जोडली. म्हणजे तो सांधा आता वाकतच नाही, आणि वाकत नाही म्हणून दुखतही नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. स्क्रू हाडांना फक्त धरून ठेवतात. जुळायचं काम हाडानं स्वतः करायचं असतं, आणि त्याला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. इच्छाशक्तीनं ते लवकर होत नाही. सिगारेटनं आणि हाताबाहेर गेलेल्या साखरेनं उशिरा मात्र होतं. तंबाखूवाल्यांनी एवढं ऐकून व्हिडिओ बंद केला तरी चालेल.

पहिले दोन आठवडे कंटाळवाणे असतात. पाय हृदयापेक्षा उंच ठेवायचा. नुसता स्टुलावर नाही, पलंगावर पडून दोन-तीन उशांवर. पाय खाली सोडला की थोड्याच वेळात तो जांभळट दिसतो, ठणकतो. त्याला घाबरू नका, पुन्हा वर घ्या. घाबरायचं कशाला तेही सांगतो. पोटरी एका बाजूनं सुजून घट्ट झाली, दम लागला, छातीत दुखलं, किंवा जखमेतून पू आला, ताप आला, तर सकाळची वाट पाहायची नाही. रक्ताची गाठ ही पायाच्या ऑपरेशननंतरची खरी भीती आहे. म्हणूनच पायाची इतर बोटं, गुडघा, आणि डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर घोटाही, पडल्या पडल्या हलवत राहायचं.

मला टाचेवर भार द्यायचा खास बूट दिला होता. चवडा अधांतरी, टाच जमिनीवर. सोबत कुबड्या. जिन्यावर चढताना धडका पाय आधी, उतरताना दुखरा आधी. घरातल्या पायपुसण्या उचलून ठेवा, रात्री संडासाच्या वाटेवर दिवा ठेवा, आणि भारतीय पद्धतीचा संडास असेल तर ऑपरेशनच्या आधीच खुर्चीची सोय करा. या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींपायी माणसं पडतात.

आता फौजेबद्दल. लोकांना वाटतं, फौजी म्हणजे दुखणं दामटून पुढे जाणारा. लढाईत ते खरंही आहे, पण बराकीत तसं नसतं. तिथे 'शेप' नावाची वैद्यकीय वर्गवारी असते. त्यातला 'ए' म्हणजे हातपाय. जवानाचा पाय मोडला की त्याची श्रेणी खाली येते. काय करायचं नाही हे कागदावर लिहिलं जातं, आणि ठरलेल्या मुदतीनंतर पुन्हा मेडिकल बोर्ड बसतं. तू शूर आहेस का, असं त्याला कुणी विचारत नाही. पाय काय सांगतो ते पाहतात. माझ्या मते घरोघरच्या ज्येष्ठांना फौजेकडून घ्यायचं असेल तर हे घ्यावं. पहाटे पाचला उठण्याचं कौतुक पुरे.

फौजेची दुसरी गोष्ट मुरलीकांत पेटकरांची. आपल्या सांगलीकडचे, ईएमईचे जवान, मुळात बॉक्सर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि पाय कामातून गेले. बॉक्सिंग संपलं. उपचाराचा भाग म्हणून ते पोहायला लागले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकलं. माझा अंगठा आणि त्यांची दुखापत यांची तुलना नाही होऊ शकत. मी एवढंच घेतलं की, जो भाग बंद आहे तो बंद राहू दे, बाकीचं शरीर चालू ठेवायचं. दुसऱ्या आठवड्यापासून खुर्चीत बसून हलके डंबेल, पलंगावर पडून सरळ पाय उचलणं, कुशीवर वळून पाय उचलणं. पोहणं मात्र जखम पूर्ण भरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही.

माझी खरी अडचण वेगळीच होती. माझ्या पत्नीची नजर अधू आहे. डोळ्यांतल्या इंजेक्शनसाठी तिला ठरावीक दिवशी न्यावं लागतं. गाडी मी चालवतो, बाजार मी करतो, बँकेचे कागद मी वाचतो. आणि ऑपरेशन उजव्या पायाचं, म्हणजे ब्रेकचा पाय. गाडी कधी चालवू, हे मी डॉक्टरांना दर भेटीत विचारत होतो. त्यांचं उत्तर एकच, अचानक जोरात ब्रेक दाबता येईल तेव्हा. शेवटी पत्नीच म्हणाली, "अहो, रिक्षावाले काय फक्त तुमच्या परवानगीनं चालतात?" अडीच महिने आम्ही दोघं रिक्षानं फिरलो. ती माझ्या कुबड्या धरायची, मी तिला पायरी सांगायचो.

सहाव्या आठवड्यात एक्स-रे झाला. तोवर माझं दुखणं जवळजवळ गेलं होतं. मंडळी, सगळ्यात धोक्याचा काळ हाच. दुखत नाही म्हणजे हाड जुळलं, असं मन सांगायला लागतं. एक्स-रेत मात्र दोन हाडांमधली फट अजून पुसट दिसत होती. आणखी दोन आठवडे टाचेवरच चालायचं ठरलं. माझी फिजिओथेरपिस्ट इथलीच कन्नड मुलगी, माझ्या लेकीपेक्षा लहान. मी जरा घाई केली की म्हणायची, "निधान, सर, निधान." कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. आपल्याकडे निधान म्हणजे ठेवा, धन. बरेच दिवस मला वाटायचं, ही बाई मला एवढं मौल्यवान का म्हणतेय!

नेहमीचे बूट चढले नवव्या आठवड्यात, तेही एक माप मोठे, कारण सूज लगेच जात नाही. संध्याकाळची सूज सहा महिने, क्वचित वर्षभर राहते. पुढून किंचित वर वळलेला, न दुमडणारा तळवा असलेले बूट घ्या. अंगठ्याचं वाकण्याचं काम तो तळवा करतो.

आणि मग चालणं. म्हैसूरला राहणाऱ्याला याचा धडा दरवर्षी फुकट मिळतो. दसऱ्याच्या जंबू सवारीत हत्तीच्या पाठीवर साडेसातशे किलोची सोन्याची अंबारी असते आणि त्याला राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत पाचेक किलोमीटर चालायचं असतं. गर्दी, तोफा, बँड, सगळं सोसत. हे हत्ती कित्येक आठवडे आधी जंगलातल्या छावण्यांमधून शहरात आणतात. आल्यावर त्यांचं वजन करतात. पहिले दिवस नुसतं चालवतात, पाठ रिकामी. मग वाळूची पोती, थोडी, मग जास्त. मग लाकडी अंबारी. सोन्याची अंबारी अगदी शेवटी. अभिमन्यूसारख्या अनुभवी हत्तीनंसुद्धा दरवर्षी रिकाम्या पाठीनंच सुरुवात केली. मागच्या साली उचलली होती म्हणून यंदा थेट चढवा, असं माहूत म्हणत नाही.

माझी रिकामी पाठ म्हणजे गल्लीत सपाट रस्त्यावर सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. तीन दिवस तेवढंच. मग दोन मिनिटं वाढवायची. मोजमाप दुसऱ्या दिवशी सकाळी. उठल्यावर पाय कालच्यासारखाच असेल तर ठीक. सूज किंवा दुखणं वाढलं असेल तर त्या दिवशी निम्मं. चालताना थोडं जाणवलं तर चालतं, सकाळपर्यंत टिकलं तर नाही. चौथ्या महिन्यात कुक्करहळ्ळी तलावावर गेलो. पाचेक किलोमीटरची फेरी, मातीची वाट, झाडी, थंडीत पक्षी. पहिल्या दिवशी पहिल्या बाकापर्यंत गेलो आणि परतलो.

पोटरीकडे दुर्लक्ष करू नका. टेपनं मोजली तेव्हा माझी उजवी पोटरी डावीपेक्षा दोन सेंटीमीटर बारीक झाली होती. ओट्याला धरून दोन्ही टाचा उचलायच्या, सावकाश खाली यायचं. हेही डॉक्टरांनी हाड जुळल्याचं सांगितल्यावरच. पुढे एका पायावर उभं राहून दात घासायचे, दुसरा हात बेसिनवर. साठीनंतर तोल हीच खरी कमाई. माझ्या पलटणीतला एक मित्र टाचेच्या ऑपरेशननंतर बसला तो बसलाच. टाच चार महिन्यांत बरी झाली होती. पण तोवर मांड्यांतली ताकद गेली, पडायची भीती बसली, आणि दोन वर्षांत तो घराबाहेर पडेनासा झाला. ज्याच्या मागे धावताना आम्हाला धाप लागायची, तो आता वॉकर धरून बाल्कनीपर्यंत जातो. मी त्याला दर रविवारी फोन करतो आणि किती पावलं झाली ते विचारतो. कधी सांगतो, कधी विषय बदलतो.

योगासनांबद्दल बरेच जण विचारतात. बी. के. एस. अय्यंगार हे म्हैसूर आणि पुणे या दोन्ही गावांचे. इथल्या योगशाळेत तरुणपणी गुरूंच्या सांगण्यावरून त्यांनी पूर्वतयारीशिवाय हनुमानासन केलं, मांडीमागचे स्नायू फाटले, आणि पुढे बराच काळ त्यांना नीट चालता येत नव्हतं. १९७९ मध्ये, साठी गाठल्यावर, त्यांना स्कूटरचे अपघात झाले. पाठ, खांदे, गुडघे दुखावले. त्यांनी आसनं नव्यानं, अगदी सोप्यापासून बसवली. पट्टा, दोर, ठोकळे, खुर्ची यांचा आधार घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. नव्वदीपर्यंत ते सराव करत होते. तेव्हा भिंतीला टेकून ताडासन करायला लाजू नका.

अंगठा जोडलेल्यांना काही गोष्टी मात्र कायमच्या बदलाव्या लागतात. औंधच्या पंतप्रतिनिधींनी घरोघर पोचवलेला आपला सूर्यनमस्कार घ्या. त्यात मागे नेलेल्या पायाची बोटं दुमडावी लागतात. माझा अंगठा दुमडत नाही. जोर लावून तो दुमडणारही नाही, जोडाच्या पुढचा छोटा सांधा तेवढा बिघडेल. मी हात ओट्यावर टेकवून उभ्यानं नमस्कार घालतो, किंवा खुर्चीवर बसून. वज्रासनात घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी. उकिडवं बसणं जवळपास बंद. माळ्यावरचा डबा काढायला चवड्यावर उभं राहणं बंद, स्टूल घेतो, तेही कुणी धरलं असेल तर. अंगठ्याची वादी असलेली कोल्हापुरी भाच्याला देऊन टाकली. त्याचं थोडं वाईट वाटलं.

चामुंडी टेकडीच्या हजारेक पायऱ्या सातव्या महिन्यात केल्या, पण टप्प्यानं. आधी गाडीनं नंदीपर्यंत जायचं आणि तिथून वरच्या सुमारे तीनशे पायऱ्या चढायच्या. असे तीन-चार आठवडे. मग पायथ्यापासून. आणि उतरताना बस. चढण्यापेक्षा उतरणं चवड्यावर जास्त येतं, वर पावसाळ्यात दगड निसरडे. अजूनही मी बसनंच उतरतो. माझ्या वयाची बरीच मंडळी त्या बसमध्ये भेटतात, एकेकाच्या गुडघ्याची कथा ऐकत आपण केव्हा खाली पोचतो ते कळत नाही. पळणं मी पुन्हा सुरू केलेलं नाही. अंगठा जोडल्यावरही पळणारी माणसं आहेत, मला मात्र गरज वाटत नाही.

गाडी अकराव्या आठवड्यात चालवायला लागलो. पत्नीचं पुढचं इंजेक्शन या गुरुवारी आहे, त्यामुळे प्रश्नांना उत्तरं शुक्रवारनंतर देईन. प्रश्न लिहिताना ऑपरेशन नेमकं कुठलं झालं, कुठल्या पायाचं, किती आठवडे झाले, आणि शेवटच्या एक्स-रेत डॉक्टर काय म्हणाले, हे लिहा. नुसतं "पाय दुखतो, काय करू" असं लिहिलंत, तर मला उत्तर देता येणार नाही.